अलास्कांतील वाटा : मालाच्या आणि टपालाच्या

गेल्या वर्षीं भूगोल आणि इतिहास यांच्या संबंधाविषयीं वर्गांत बोलत असतां मीं विद्यार्थ्यांस एक साधा प्रश्न विचारला. उत्तर ध्रुवाजवळच्या, वर्षांतले सहा-सात महिने बर्फाखालीं असणाऱ्या देशांत प्रवासाचा हंगाम कोणता? एकजात सर्वांनीं ‘उन्हाळा’ असें उत्तर दिलें. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या वयांत मीहि हेंच उत्तर दिलें असतें. आपल्या पूर्वजांच्या वाटा पावसाळ्याचे चार महिने बंद असत आणि दसऱ्याचें सोनें लुटलें म्हणजे त्या पुन्हां वाहूं लागत. ऋतु सौम्य झाल्यावर वाट उघडते, ही कल्पना आपल्या हाडींमाशीं मुरलेली आहे. अलास्कांत नेमका याच्या उलट प्रकार होता. तेथें थंडी कडक झाल्यावर वाट उघडे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं हा मुलूख १८६७ सालीं रशियाकडून ७२ लक्ष डॉलरांस विकत घेतला. त्याचा विस्तार आजच्या महाराष्ट्र राज्याच्या साडेपाच पट भरतो. उत्तरेच्या व मध्यभागाच्या पुष्कळ प्रदेशांत जमीन हातभर खालीं बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यांत वरचा थर विरघळतो, पण पाणी खालीं मुरूं शकत नाहीं, आणि मैलच्या मैल सपाटी दलदलीची होऊन बसते. गवताच्या डुलत्या गड्ड्यांवर पाय ठेवला तर तो मुरगळतो, गड्ड्यांमध्यें ठेवला तर गुडघ्यापर्यंत रुततो. वर डांसांचे थवे. अशा मुलुखांत उन्हाळ्यांत नदी एवढीच काय ती वाट. परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरांत नद्या गोठल्या, दलदल दगडासारखी घट्ट झाली, वर बर्फाची चादर पसरली, कीं सगळा देशच रस्ता बनतो. युकॉन नदी सुमारें दोन हजार मैल लांब आहे. ती हिवाळ्यांत दोन हजार मैलांची सडक होते. खरी अडचण असे ती दोन्ही ऋतूंच्या सांध्यावर. शरदांत बर्फ धरूं लागतांना आणि मे महिन्यांत तें फुटतांना नावहि चालत नाहीं आणि घसरगाडीहि चालत नाहीं. त्या कांहीं आठवड्यांत शहाणा मनुष्य घरांत बसे.

हें शहाणपण तेथील मूळ रहिवाशांचें. अंतर्भागांत अथाबास्कन लोक, पश्चिमेच्या व उत्तरेच्या किनाऱ्यावर युपिक व इनुपिआक, आग्नेयेच्या खाड्यांतून त्लिंगित. सोन्याचे शोधक येण्यापूर्वीं हा देश ‘निर्मार्ग’ होता, असें पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलें आढळतें. हें विधान मला केवळ चुकीचेंच नव्हे, अन्यायाचेंहि वाटतें. वाट म्हणजे खडी पसरलेली पट्टी अशी ज्याची समजूत आहे त्याला ती दिसली नाहीं इतकेंच. कोणत्या वळणावर नदीचा प्रवाह जोराचा असल्यामुळें बर्फ पातळ राहतें, कोठून खिंड ओलांडावी, कोणत्या झाडीच्या आडोशास वादळांत उतरावें, हें ज्ञान तोंडोतोंडीं चालत आलेलें होतें. पुढें टपालाच्या आणि मोटारींच्या ज्या वाटा झाल्या त्यांतील कित्येक या जुन्या पायवाटांवरच बसविलेल्या आहेत.

कुत्र्यांची घसरगाडी पाहून आपणांस वाटतें, मनुष्य मागें आरामांत उभा आहे आणि कुत्रे धांवत आहेत. वास्तविक ताज्या भुसभुशीत बर्फावर कुत्रे पोटापर्यंत रुततात. म्हणून एक मनुष्य वाद्यांनीं विणलेल्या रुंद हिमपादुका घालून पुढें चालतो, बर्फ तुडवितो, आणि मग त्या चाकोरींतून गाडी येते. अशा वेळीं दिवसाकाठीं दहा मैल झाले तरी पुष्कळ. सर्वांत मोठें भय थंडीचें नसून पाण्याचें असे. नदी तळापर्यंत गोठूं लागली कीं खालचें पाणी दाबामुळें भेगांतून वर येतें आणि बर्फावर पसरतें. वरून हिम पडलें कीं तें दिसत नाहीं. शून्याखालीं चाळीस अंशांवर पाय भिजला, तर तेथल्या तेथें विस्तव पेटविणें हाच एक उपाय. तो पेटला नाहीं तर पाय गेला, किंवा मनुष्यच गेला.

आणि या हिवाळी प्रवासाची तयारी उन्हाळ्यांत होई. कुत्र्यांना खाणें लागतें. नदीकांठीं तळ देऊन सामन मासे पकडावयाचे, चिरून मांडवावर वाळवावयाचे आणि त्यांच्या पेंढ्या बांधून ठेवावयाच्या. या माशांतील एका जातीस तिकडे ‘कुत्र्यांचा सामन’ असेंच नांव पडलें आहे. म्हणजे जुलै महिन्यांत मासे चिरीत बसलेली म्हातारी पुढच्या जानेवारींतील रस्ताच बांधीत असे.

या देशांत बाहेरचे लोक लोंढ्यानें आले ते सोन्यासाठीं. ऑगस्ट १८९६ मध्यें क्लोंडाइक नदीच्या एका उपनदींत सोनें सांपडलें. ही जागा कॅनडाच्या हद्दींत, परंतु तेथें जाण्याची जवळची वाट अलास्काच्या किनाऱ्यावरून. जुलै १८९७ मध्यें सोनें घेऊन आगबोटी सॅन फ्रान्सिस्को व सिअॅटल येथें लागल्या आणि सुमारें एक लक्ष माणसें घरदार सोडून निघालीं. त्यांतलीं पोंचलीं तीस-चाळीस हजार.

किनाऱ्यावर डायी आणि स्कॅगवे अशीं दोन गांवें उठलीं. डायीहून चिल्कूट खिंड सुमारें साडेतीन हजार फूट उंचीची; स्कॅगवेहून व्हाइट पास त्याहून ठेंगणी पण लांब. चिल्कूटची वाट पिढ्यानुपिढ्या त्लिंगितांच्या ताब्यांत होती. अंतर्भागांतील लोकांशीं चालणारा केसाळ कातड्यांचा व्यापार त्यांच्याच हातीं, आणि परक्याला ते ही खिंड चढूं देत नसत. १८८० च्या सुमारास अमेरिकन आरमाराच्या दडपणाखालीं त्यांनीं शोधकांस जाऊं दिलें. मग तेच हेलकरी झाले. शंभर शंभर पौंडांचें ओझें पाठीवर घेऊन पौंडामागें ते दर ठरवीत, आणि गर्दी वाढली तसा तो दर कैक पटींनीं चढला. गोऱ्या प्रवाशांनीं त्यांच्या लोभाविषयीं कडक शब्द लिहून ठेवले आहेत. ज्याच्या घरांतून मुकाट्यानें वाट काढली, त्यानें दारांत जकात मागितली तर रागावण्यासारखें त्यांत काय आहे, हें मला कळत नाहीं.

कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांचा खिंडीच्या माथ्यावर पहारा होता. वर्षभराचा शिधा व सामान, म्हणजे जवळजवळ एक टन वजन, बरोबर असल्याखेरीज ते कोणास पुढें सोडीत नसत. हा नियम कठोर, पण त्यानें हजारों माणसें उपासमारीपासून वांचलीं. ज्याच्याजवळ हेलकऱ्याला द्यावयास पैसे नाहींत त्यानें काय करावें? पन्नास-साठ पौंडांचें ओझें घेऊन चढावें, वर टाकावें, घसरत खालीं यावें, पुन्हां चढावें. एका टनास अशा तीस-चाळीस खेपा होतात. शेवटचा चढाव इतका उभा कीं बर्फांत पायऱ्या खोदून माणसांची एकेरी रांग मुंग्यांसारखी हलत असे. रांगेंतून दम खाण्यास बाहेर पडलें, तर पुन्हां आंत शिरण्यास तासन्‌तास जागा मिळत नसे. ३ एप्रिल १८९८ रोजीं या वाटेवर हिमाचा कडा कोसळून साठांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. व्हाइट पासवर मरण आलें तें घोड्यांना. अंगांत ताकद नसलेलीं, नाल नीट न मारलेलीं, बेसुमार लादलेलीं घोडीं चिखलांत आणि दगडांत पाय मोडून पडलीं. त्यांची संख्या तीन हजारांच्या घरांत सांगतात. त्या वाटेचें नांवच ‘मेल्या घोड्यांची वाट’ असें पडलें.

खिंडीपलीकडे बेनेट सरोवराच्या कांठीं लोकांनीं झाडें तोडून नावा बांधल्या आणि बर्फ फुटण्याची वाट पाहिली. मे १८९८ च्या अखेरीस तें फुटलें, आणि सात हजारांच्या आसपास नावा डॉसनकडे निघाल्या. तेथें पोंचल्यावर त्यांना कळलें कीं सोन्याच्या सगळ्या जागा दोन वर्षांपूर्वींच अडविल्या गेल्या आहेत.

याच महिन्यांत स्कॅगवे येथें लोहमार्गाचें काम सुरू झालें. जुलै १९०० मध्यें ११० मैलांचा हा अरुंद मार्ग व्हाइटहॉर्सपर्यंत पुरा झाला. गाडी स्कॅगवेहून सुटूं लागल्याबरोबर डायी संपलें. ज्या गांवांत दोन वर्षांपूर्वीं खाणावळी आणि वखारी गजबजलेल्या होत्या तेथें आज झाडी आहे, आणि त्या एप्रिलांत दडपून मेलेल्यांचें कबरस्तान आहे. लोहमार्ग पुरा होईतों सोन्याची लाटहि ओसरली होती. १८९९ सालीं पश्चिम किनाऱ्यावर नोम येथें समुद्रकांठच्या वाळूंत सोनें सांपडल्याचें कळतांच डॉसनचे हजारों लोक नदीनें खालीं उतरून तिकडे पळाले.

नदीवर तेव्हां मागें चाक असलेल्या आगबोटी चालत. युकॉनवर पहिली आगबोट १८६९ सालीं आली. व्हाइटहॉर्सहून डॉसन ४६० मैल. प्रवाहाबरोबर जाण्यास दीड दिवस आणि उलट येण्यास चार-पांच दिवस लागत. लाकूड हेंच जळण. नदीकांठीं लांकूडतोड्यांचे तळ, आणि जेथें तळ तेथें मुक्काम. डॉसनपर्यंत मोटाररस्ता झाल्यावर १९५५ त या मार्गावरची शेवटची मोठी बोट थांबली. ती आज व्हाइटहॉर्सच्या कांठावर संग्रहालय म्हणून उभी आहे. बोटींप्रमाणें शहराचेंहि वैभव गेलें, आणि युकॉन प्रांताची राजधानी १९५३ सालींच डॉसनहून व्हाइटहॉर्सला हलली.

तांब्याची कथा याहून रेखीव आहे. कॉर्डोव्हा बंदरापासून केनिकॉटच्या खाणींपर्यंत १९६ मैलांचा लोहमार्ग १९११ सालीं तयार झाला. दोन सरकत्या हिमनद्यांच्या मधून नदीवर पूल घालणें, हें त्या काळच्या स्थापत्याचें खरोखर मोठें कृत्य होय. १९३८ सालीं चांगलें तांबें संपलें, खाणी बंद झाल्या, आणि त्याच वर्षीं लोहमार्गहि बंद झाला. मार्गावर माणसें राहत होतीं. पण मार्ग त्यांच्यासाठीं नव्हताच. मालासाठीं बांधलेली वाट मालाबरोबर मरते, आणि ती मरतांना वाटेवरच्यांचें मत कोणी विचारीत नाहीं.

मग हिवाळ्यांत, बोटी कांठावर ओढून ठेविल्यावर, या मुलुखाचा जगाशीं संबंध कशानें राहिला? टपालानें. टपालखातें मक्ते देई, मक्तेदार कुत्र्यांच्या डाका बसवी. आपल्याकडे जुन्या काळीं हरकारे टप्प्याटप्प्यानें थैली पोंचवीत, तीच रीत. दिवसाच्या मजलीवर लांकडी ओंडक्यांचीं विश्रांतिघरें असत. तेथें टपालवाल्याला शेगडीजवळची जागा आणि पहिलें जेवण मिळे, मग इतर प्रवासी कितीहि श्रीमंत असोत. कारण उघड होतें. त्याच्या गाडीनें चाकोरी पाडली तरच मागच्यांस वाट होती. स्यूअर्ड बंदराहून नोमपर्यंतची नऊशे मैलांहून लांब इडिटरॉडची वाट १९०८ त पाहणी करून १९१०-११ त आंखली गेली. सोनेंहि त्या वाटेनें गेलें, नाहीं असें नाहीं. पण गांवें सोन्यावर नव्हे, टपालाच्या नियमितपणावर जगलीं.

फेब्रुवारी १९२४ मध्यें फेअरबँक्सच्या हायस्कुलांत शिकविणारा एक तरुण शिक्षक, कार्ल बेन आयल्सन, टपाल घेऊन विमानानें मॅग्रॅथला गेला. कुत्र्यांस जेथें अठरा-वीस दिवस लागत तेथें तो तीन तासांच्या आंत उतरला, आणि मैलामागें मक्तेदाराच्या निम्म्याच दरानें. आठव्या फेरीस विमान आपटलें आणि टपालखात्यानें हा प्रयोग तात्पुरता बंद केला. आयल्सन १९२९ सालीं सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ, बर्फांत अडकलेल्या एका जहाजाच्या मदतीस जातांना, अपघातांत मरण पावला.

या दोन काळांच्या सांध्यावर जानेवारी १९२५ मध्यें नोम येथें घटसर्पाची सांथ उद्भवली. बंदर जूनपर्यंत गोठलेलें. डॉक्टर एकच, कर्टिस वेल्श. आणि त्यांच्याजवळचें प्रतिविष मुदत संपलेलें. अँकरेज येथील रुग्णालयांत तीन लक्ष एकक (युनिट) प्रतिविष सांपडलें. तें पुडकें सरकारी आगगाडीनें नेनानापर्यंत आलें. हा लोहमार्ग १९२३ सालींच पुरा झालेला होता. पुढें ६७४ मैल. फेअरबँक्सचीं विमानें हिवाळ्यासाठीं खोलून ठेवलेलीं, उघड्या बैठकीचीं. त्या थंडींत त्यांवर भरंवसा ठेवावा कीं न ठेवावा, यावर वाद झाला. अखेर कुत्र्यांची डाक बसविण्याचें ठरलें. २७ जानेवारीच्या रात्रीं निघालेलें प्रतिविष २ फेब्रुवारीच्या पहाटे नोमला पोंचलें: साडेपांच दिवसांहून थोडें कमी. टपालास एरवीं सुमारें पंचवीस दिवस लागत. थंडी शून्याखालीं पन्नास फॅरनहाइटच्याहि खालीं उतरली होती. एका टप्प्यावर चार्ली एव्हन्सचे पुढचे दोन कुत्रे गारठून पडले आणि त्यानें स्वतःच पुढें होऊन गाडी ओढली, असें सांगतात. सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा, समुद्राच्या फुटत्या बर्फावरूनचा, लिओनार्ड सेपला यानें आपल्या टोगो नांवाच्या अग्रेसर कुत्र्यासह पार पाडला.

जगानें मात्र एकच नांव लक्षांत ठेवलें. शेवटच्या टप्प्यावर गन्नार कासेन याच्या गाडीपुढें बाल्टो नांवाचा कुत्रा होता. त्याचा पुतळा त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या उद्यानांत उभारला गेला. त्या मुक्या प्राण्याचा मला मत्सर वाटत नाहीं. परंतु गाडीवान वीस होते, आणि त्यांतले बरेच अथाबास्कन व इनुपिआक. रोज टपालाच्या थैल्या नेणारीं, तीच वाट तुडविणारीं हीं माणसें. त्यांना हें काम असामान्य वाटलेंहि नसावें. त्या वेळच्या वृत्तपत्रांत त्यांच्याविषयीं फारच थोडें आलें. त्यांच्यांतील शेवटचा, एडगर नॉलनर, १९९९ सालीं वारला. तेव्हां कोठें वृत्तपत्रांना त्याची आठवण झाली.

आणखी एक योगायोग. प्रतिविष नोमला पोंचलें त्याच २ फेब्रुवारीस वॉशिंग्टन येथें खासगी कंपन्यांस विमानटपालाचे मक्ते देण्याचा कायदा मंजूर झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अलास्कांतील टपालाचे मक्ते एकामागून एक विमानांकडे गेले. विमान विश्रांतिघरांवरून उडून जातें. त्यामुळें तीं घरें ओस पडलीं, आणि चाकोरी पाडणारा कोणी न राहिल्यानें हिवाळी वाटा झुडपांनीं गिळल्या. कुत्र्यांची शेवटची टपालफेरी बेरिंग समुद्रांतील सेंट लॉरेन्स बेटावर १९६३ सालीं बंद झाली. त्याच दशकांत बर्फावर चालणारी मोटार आली. तिला लोकांनीं ‘लोखंडी कुत्रा’ म्हटलें. नांव गंमतीचें, पण फरक गंमतीचा नाहीं. खरा कुत्रा गांवच्या नदींतला मासा खातो. लोखंडी कुत्र्याचें खाणें शेंकडों मैलांवरून, गांवानें न ठरविलेल्या भावानें येतें.

रस्तेहि झाले, पण ज्याला गरज त्याच्या गरजेप्रमाणें. १९४२ सालीं जपानच्या भीतीनें अमेरिकन लष्करानें कॅनडांतून अलास्कापर्यंत सुमारें दीड हजार मैलांची सडक आठ-नऊ महिन्यांत रेटली. तिच्यावर खपलेल्या सैनिकांत सुमारें एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. सडकेबरोबर रोगहि आले आणि वाटेवरच्या मूळ वस्त्यांतून सांथी पसरल्या. १९७४ सालीं तेलाच्या नळासाठीं युकॉनच्या उत्तरेस सुमारें ३६० मैलांचा रस्ता पांच महिन्यांत झाला. सर्वसामान्य माणसाला त्यावरून शेवटपर्यंत जाण्याची मुभा १९९४ त मिळाली. राजधानी जूनो हिला मात्र आजहि बाहेरून येणारा रस्ता नाहीं. बोटीनें जा किंवा विमानानें. अलास्कांतील पांचांपैकीं चार वस्त्यांची हीच स्थिति आहे.

या वस्त्या आज कशावर जगतात, हें पाहिलें तर जुन्या इतिहासाचा धागा पुन्हां हातीं लागतो. किराणा, दूध, लहान मुलांचे लंगोट, साबण हें सर्व तेथें टपालाच्या दरानें जातें. व्यापारी हजार हजार पौंडांचीं पार्सलें बांधून टपालकचेरींत न नेतां सरळ विमानतळावर देतो. भाडें टपालखातें भरतें आणि तूट सोसतें. वॉशिंग्टनमधील हिशेबी लोकांना हा प्रकार नेहमींच डोळ्यांत सलतो, आणि तो बंद करावा अशी सूचना मधूनमधून येते. आंकड्यांपुरतें त्यांचें म्हणणें खरें असेल. पण त्याच मुलुखांतून सोनें, तांबें आणि तेल बाहेर नेण्यासाठीं जे मार्ग बांधले गेले त्यांचा खर्च त्याच हिशेबांत कोठें मांडला आहे, हेंहि एकदां विचारलें पाहिजे.

पश्चिमेकडे बेथेल गांवाजवळ कुस्कोक्विम नदीच्या गोठलेल्या पात्रावर दर हिवाळ्यांत मोटारींची वाट होते. गांवोगांवचे लोक बर्फाची जाडी मोजून ती नांगरतात. अलीकडे हवा उबदार झाल्यामुळें नदी उशीरा गोठते आणि लवकर फुटते, आणि म्हातारे सांगतात तेथें बर्फ सांपडेलच असा भरंवसा उरलेला नाहीं. माझ्या विद्यार्थ्यांचें उत्तर तिकडे अजून चुकीचेंच आहे, पण पूर्वींइतकें नाहीं.

केनिकॉटचा लोहमार्ग उखडला, त्याच्या बांधावरून आज साठ मैलांचा कच्चा रस्ता आहे. जुन्या रुळांचे खिळे अजून मातींतून वर येतात आणि मोटारींचीं चाकें फोडतात. ज्या सरकारी मार्गानें १९२५ त प्रतिविष आलें, त्यावर मात्र टॉकीट्नाच्या उत्तरेस, जेथें रस्ता पोंचत नाहीं अशा टापूंत, एक लहान गाडी अद्याप चालते. तिला ठरलेलीं स्थानकें थोडीं. झोंपड्यांतून राहणारा कोणी रुळाच्या कडेला येऊन उभा राहतो आणि फडकें हालवितो, कीं गाडी थांबते, त्याचें सामान डब्यांत चढवून घेते, आणि पुढें जाते.